व्यत्ययाची कैफियत

ज्या मुलखात नळाच्या पाण्याची वेळ लहान मुलालाही मुखोद्गत असते, आभाळ भरून येताच घरोघरी मेणबत्त्यांचा शोध सुरू होतो, आणि लोकलगाडीत आसन मिळालेच तर ते निम्म्या देहापुरते मिळते, त्या वसई-विरारच्या रहिवाशाला अपुऱ्या पुरवठ्याचे दुःख करीत बसण्याची सवय उरलेली नाही. पुरवठा म्हटला की तो थोडाथोडका, अडखळत आणि पुष्कळशी रदबदली करून पदरात पाडून घ्यावयाचा, ही त्याची पिढीजात समजूत आहे. अशा या सोशिक माणसाला डिजिटल दूरचित्रवाणीने जेरीस आणले आहे. ती वारंवार बंद पडते याचे त्याला विशेष काही वाटत नाही. पण ती बंद पडते तेव्हा संपूर्ण बंद पडते, हे त्याला सोसवत नाही, असे माझे नम्र परंतु ठाम मत आहे.

पूर्वी असे नव्हते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि यथावकाश वरळीच्या ३०० मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी खाडी ओलांडून आमच्याकडे येऊ लागल्या, तेव्हा निर्मळ-आगाशीच्या वाड्यांतील कौलांवर आणि पापडीच्या माड्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे जे अँटेना उभे राहिले, त्या सर्वांची तोंडे एकजात दक्षिणेकडे वळलेली असत; बांधाच्या वादापायी ज्या घरांचे एकमेकांशी बोलणे नव्हते, त्यांचे अँटेनाही या एका बाबतीत एकमताचे होते. वाऱ्याने काडी हलली, अथवा एखादा कावळा तिच्यावर चिंतन करीत बसला, म्हणजे पडद्यावर मुंग्या येत, आणि मग एकाने छपरावर, दुसऱ्याने खिडकीत आणि बाकीच्या समस्तांनी संचापुढे उभे राहून ‘आलं का?’, ‘आलं, आलं’, ‘गेलं’, ‘आता होतं तसंच धरून उभे राहा’ असा संवाद चालवावा लागे. चित्र पूर्ण कधी येत नसे. पण पूर्ण जातही नसे. ‘चिमणराव’ लागला की आमच्याकडे दोन चिमणराव दिसत, एक ठळक आणि त्याच्या खांद्यापाशी दुसरा पुसट. त्यांच्या फजितीत त्यामुळे काही उणे पडत नसे, उलट ती दुप्पट होई. दोष कावळ्याचा असे, वाऱ्याचा असे, किंवा छपरावर चढविलेल्या जावयाच्या अंगभूत नाकर्तेपणाचा असे; पण कोणाचा ना कोणाचा तरी असेच. आणि कधी प्रक्षेपणच थांबले, तर पडद्यावर व्यत्ययाबद्दल खेद व्यक्त करणारी पाटी झळके. सरकारने प्रजेपुढे इतक्या नित्यनेमाने खेद व्यक्त केल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

पुढे घरोघरी केबल आली, २०११ साली तिचे प्रक्षेपण डिजिटल करण्यासाठी केबलच्या कायद्यात दुरुस्ती झाली, ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबई शहरापुरती जुन्या पद्धतीची मुदत भरली, आणि मजल दरमजल करीत तो हुकूम खाडीपलीकडे आमच्या हद्दीत दाखल झाला. १७३९ साली वसईचा किल्ला सर करण्यासाठी चिमाजी अप्पांना प्रदीर्घ वेढा घालावा लागला होता. या वेळी कोणी एक गोळीही झाडली नाही. प्रत्येक घराने एकेक काळा खोका निमूटपणे विकत घेतला आणि संचाखाली त्याची प्रतिष्ठापना केली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर मोफत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १०० वाहिन्या १३० रुपये आणि वर कर, म्हणजे एकूण १५३ रुपये ४० पैसे, इतक्या माफक रकमेत पाहण्याचा अधिकारही आम्हांस प्राप्त झाला. त्याविषयी अधिक बोलणे नको.

केबलवर रुसून ज्यांनी गच्चीवर स्वतंत्र छत्री बसवून घेतली, त्यांची कथा याहून करुण आहे. विषुववृत्ताच्या माथ्यावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर टांगलेल्या उपग्रहाकडून निघालेली लहर ते सारे अंतर एका सेकंदाच्या आठव्या हिश्शात बिनतक्रार कापते, आणि वसईच्या खाडीवर जमलेल्या ढगांखाली उरलेल्या चार-पाच किलोमीटरांत हाय खाते. तिची लांबी अवघी अडीच सेंटिमीटरांच्या आसपास असल्यामुळे आषाढातील टपोरे थेंब तिला शोषून घेतात आणि उरलीसुरली दाही दिशांना उधळून देतात. त्यात डिजिटल तंत्राचा स्वभाव मोठा मानी. वाटेत थोडेबहुत नुकसान झाले, तर ते परस्पर भरून काढून पडद्यावर त्याचा मागमूसही दिसू द्यायचा नाही. मात्र नुकसान ठरल्या मर्यादेपलीकडे गेले की प्रथम निवेदिकेच्या चेहऱ्याचे चौकोन पडतात, हनुवटी कपाळाच्या जागी रुजू होते, आणि पाहता पाहता सर्वत्र काळोख होऊन ‘सिग्नल उपलब्ध नाही’ एवढाच मजकूर निर्विकारपणे तरंगू लागतो. मुंग्या नाहीत, खेद नाही, छपरावर चढून काही उपयोग नाही. मुंबईची पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी ज्या विरारहून सुटली, आणि तिघांच्या बाकावर ‘जरा सरकून घ्या’ म्हणत चौथ्या सीटवर अर्धे टेकून चर्चगेटपर्यंतचे साठ किलोमीटर काढणे ही ज्या विरारची जीवनपद्धती होऊन बसली, तेथील माणसाला हे चौथी सीट नसलेले तंत्र मानवावे तरी कसे?

संपूर्ण काळोखाचा कळस जुलै २०१८ मध्ये झाला. नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, बडोदा एक्स्प्रेस वाटेत अडकली, मिठागरांत माणसे अडकून पडली, आणि जन्मात प्रथमच आमचे गाव अखिल भारताच्या पडद्यावर दिवसभर झळकत राहिले. ते दिसत नव्हते ते एका वसई-विरारमध्ये, कारण वीजच नव्हती. आमचे शेजारी न्यायखात्यातून नाझर म्हणून निवृत्त झालेले असून सारी इमारत त्यांना नाझरसाहेब म्हणते. त्यांना नागपूरहून त्यांच्या साडूंचा फोन आला आणि ‘तुमच्याकडे फार पाणी भरलंय हो!’ अशी बातमी मिळाली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहून तेच पाणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहत असलेल्या नाझरसाहेबांनी साडूंची माहिती अधिक अधिकृत धरली, आणि ‘आमच्या गल्लीत आणखी किती चढणार आहे, तेवढं जरा बघून सांगा,’ अशी त्यांना विनंती केली.

या नाझरसाहेबांनी व्यत्ययांची एक जाडजूड वही ठेवली आहे. तारीख, वेळ, कारण आणि शेरा असे तिचे रकाने. पैकी कारणाचा रकाना भरताना त्यांची नेहमी पंचाईत होते. केबलचा मुलगा स्वभावाने गोड, बोलावले की सायकलवरून येतो, खोक्याच्या पाठीमागची वायर काढून पुन्हा लावतो, आणि मान हलवून म्हणतो, ‘काका, पाठूनच गेलंय.’ पाठून म्हणजे नेमके कोठून, हा प्रश्न त्या आयुष्यभर समन्स बजावलेल्या माणसाला स्वस्थ बसू देईना. त्यांनी चौकशी चालविली. इमारतीच्या जिन्यातील ॲम्प्लिफायर निर्दोष ठरला, कारण त्याच्या पाठी नाक्यावरचा नोड होता. नोड सुटला, कारण रस्ता खोदणाऱ्यांनी त्याच्या पाठची फायबर तोडली होती. आणि फायबर जोडल्यावरही काही दिसेना, तेव्हा सारा ठपका कंट्रोल रूमवर आला. तिच्या गच्चीवरील मोठाल्या छत्र्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या असल्यामुळे तीही लगेच हात झटकून मोकळी झाली. कोर्टात निदान एक आरोपी तरी उभा असतो, असे नाझरसाहेब खिन्नपणे म्हणाले.

गेल्या ऑक्टोबरात, विरारला जीवदानीच्या डोंगरावर नवरात्राची रीघ लागलेली असताना, भर दुपारी, आभाळात औषधालाही ढग नसताना, एकामागून एक वाहिन्या गेल्या. केबल गेली आणि समोरच्यांची छत्रीही मागेपुढे थोड्या अंतराने गेली. नाझरसाहेबांनी वही काढली, मुलाला बोलावले आणि चष्म्यावरून पाहत विचारले, ‘आज कुठून?’

‘काका, आज अगदीच पाठून. सूर्य आलाय.’

मुलगा थट्टा करीत नव्हता. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येऊन उभा राहतो, छत्रीला दोघेही एकाच रेषेत दिसतात, आणि सूर्याच्या स्वतःच्या लहरींचा कोलाहल इतका प्रचंड असतो की उपग्रहाचे क्षीण बोलणे त्यात बुडून जाते. प्रत्येक उपग्रहाची वेळ निराळी, एवढाच काय तो फरक.

‘याच्या पाठी आणखी कोणी?’

‘याच्या पाठी कोण असणार, काका?’

‘मग दुरुस्ती कधी?’

‘दहा मिनिटांत सरकतो तो आपोआप. उद्या येईल परत, याच टायमाला. आठवडाभर आहे.’

नाझरसाहेबांनी कारणाच्या रकान्यात वळणदार अक्षरांत ‘श्रीसूर्यनारायण’ असे लिहिले, क्षणभर विचार करून शेऱ्याच्या रकान्यात ‘वक्तशीर’ अशी नोंद केली, आणि खाली मुलाची सही घेतली.