खोटाच द्या, पण चांगल्यातला

तुळशीबागेत खोट्या हिऱ्यांचा सेट घ्यायला आलेली मंडळी जितकी चिकित्सा करतात, तितकी त्यांनी पोटच्या पोराची सोयरीक जुळवतानाही केलेली नसते. 'खोटाच द्या, पण चांगल्यातला' ही मागणी ऐकून दुकानदाराच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. 'ताई, अगदी खऱ्यासारखा' म्हणत तो पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली हार झुलवतो. त्या दिव्याखाली गारगोटीही चमकेल!

गंमत अशी की अमेरिकन डायमंड, म्हणजे क्युबिक झिरकोनिया, रंगांची उधळण करण्यात खऱ्या हिऱ्याच्याही वरचढ असतो. इंद्रधनुष्य जरा जास्तच सांडायला लागलं की माल नकली समजावा. (निवडणुकीच्या दिवसांतही ही कसोटी उपयोगी पडते.)

तेव्हा हार उलटा करून बघा. खडे धातूच्या बारीक दातांनी धरलेत की नुसते गोंदाने चिकटवलेत, ते पाठीमागून कळतं. गोंदाचा खडा लग्नाच्या पंगतीत हमखास मठ्ठ्याच्या वाटीत सापडतो. वरून ओढणीचं टोक फिरवा. धागा अडकला तर दागिना मुकाट्याने परत ठेवा. घामाने आणि अत्तराने मुलामा उतरतो, म्हणून अत्तर आधी, हार नंतर.

आणि मैत्रिणीने 'कितीला पडला गं?' असं विचारलं, तर खरी किंमत सांगून टाका. ती तशीही दोन दुकानं सोडून त्याच हारासाठी घासाघीस करून आलेली असते.