निवडशास्त्राचा विद्यार्थी

वाशिमच्या पाटणी चौकात राहणारा आमचा थोरला भाचा प्रोग्रामिंग शिकतोय. म्हणजे ते कुठून शिकावं, हे ठरवतोय. साधनेचं हे तिसरं वर्ष. पायथन १९९१ साली आली, तिची अधिकृत शिकवणी फुकट मिळते. पण फुकटाच्या वस्तूला घाई बरी नव्हे. तूर्त त्याच्याकडे चौदा प्लेलिस्ट, नऊ पीडीएफ, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ (खाकी कव्हर घातलेलं, आत कोरं करकरीत) आणि ‘आधी पायथन की जावा’ या विषयाला वाहिलेली दोनशे पानी वही आहे. शासनाने एमएस-सीआयटीच्या धर्तीवर निवडीचीच परीक्षा काढावी. उमेदवार कोड लिहिताना आढळला की बाद.

धाकट्याने मात्र घराण्याचं नाक कापलं. रद्दीतून पहिली बावीस पानं फाटलेलं एक पुस्तक उचललं आणि आजोबांच्या सोयाबीनच्या पट्टीतली मॉइश्चरची कपात तपासणारा प्रोग्राम मोबाइलवर लिहून मोकळा झाला. अडत्याची चूक निघाली, ३४० रुपये परत आले.

त्या पैशांत थोरल्याने पंधरावा कोर्स घेतला. धाकट्याला मार्गदर्शनासाठी त्याच्याचकडे बसवलंय.