अडगळीचे स्थलांतर

जिचा उपयोग संपला आहे परंतु मालकी संपलेली नाही अशी वस्तू म्हणजे अडगळ, अशी व्याख्या केली, तर नवी मुंबईतील सिडको महामंडळाच्या दोन खोल्यांच्या घरात अडगळ मुळी नसतेच असा निष्कर्ष काढावा लागतो. कारण तेथील एकाही वस्तूचा उपयोग संपलेला नसतो, तो केवळ पुढे ढकललेला असतो. 'लागेल कधीतरी' हे या व्यवस्थेचे मूलसूत्र असून त्यातील 'कधीतरी' या कालवाचकाची मुदत कोणत्याही पंचांगात सापडत नाही.

या घरांत वस्तूला निवृत्ती नाही, पदावनती मात्र आहे. लग्नातली साडी विरली की तिचा पडदा होतो, पडदा उन्हाने विटला की तो गोधडीच्या पोटात जातो, आणि गोधडीही उसवली की तिचे पायपुसणे व अखेरीस स्कूटर पुसण्याचे फडके होते. फडके टाकून द्यावे असे कोणी सुचवलेच, तर ते कोणत्या साडीचे आहे याची आठवण करून दिली जाते आणि ठराव फेटाळला जातो.

जपानच्या मारी कोंडो यांनी जगभर पोचवलेल्या पद्धतीनुसार वस्तू हातात घ्यावी, आनंद झाला तर ठेवावी, न झाल्यास आभार मानून तिला निरोप द्यावा. मराठी स्वयंपाकघरात ही कसोटी पहिल्याच पातेल्यापाशी अडते, कारण आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख ठिपक्याठिपक्यांनी कोरून घेण्याची, म्हणजेच 'नाव घालण्याची', रीत आहे. असे पातेले मोडीत काढणे म्हणजे ते देणाऱ्या मामांना मोडीत काढणे होय. आणि नाव घातलेले असल्यामुळे ते दुसऱ्याला आहेरात सरकवताही येत नाही. (मामांना हे आधीच माहीत असावे, असा संशय घेण्यास जागा आहे.) जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी ती बोहारीण, तिच्याशी तासभर घासाघीस करून कपाट रिकामे केले, तरी मांडणीवर एक पातेले वाढते. उरते ते 'गावी पाठवू' या सदरात जमा होते. सातारा किंवा रत्नागिरीकडे निघालेल्या पिशवीतून जुना मिक्सर जातो आणि त्याच पिशवीतून तांदूळ किंवा आमसुले परत येतात, त्यामुळे पिशवी तरी कमी होईल ही आशाही फोल ठरते.

तथापि याबद्दल रहिवाशांना दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांचे शहरच या पद्धतीने जन्मले आहे. दाटलेल्या मुंबईतले काही न टाकता ते खाडीपलीकडे हलवावे, असा विचार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1960च्या दशकाच्या मध्यास मांडला, आणि 17 मार्च 1970 रोजी त्यासाठी सिडको स्थापन झाली. मशीद बंदर परिसरातील कांदा-बटाटा, मसाले, धान्य यांचे घाऊक बाजार पुढे टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला आले, आणि त्यांच्यापाठोपाठ माथ्यावरून ओझी वाहणारे म्हणून 'माथाडी' म्हणवणारे कामगार कोपरखैरणे, घणसोलीत राहू लागले. थोडक्यात, खालच्या खोलीची उंची कापून तयार केलेली साठवणीची जागा म्हणजे पोटमाळा, हा अर्थ घेतला, तर नवी मुंबई हा मुंबईचा पोटमाळा होय. आता पोटमाळा झाल्यावर खालची खोली मोकळी व्हावी, ही अपेक्षा नगररचनाकारांची. प्रत्यक्षात बृहन्मुंबईची लोकसंख्या 1971 साली सुमारे 60 लाख होती, ती 2011 साली सव्वा कोटीच्या घरात पोचली. रिकामा झालेला खण किती दिवस रिकामा राहतो, हे कोणत्याही गृहिणीने नियोजकांना विनामूल्य सांगितले असते.

दरम्यान पोटमाळाही भरला. जानेवारी 2024 मध्ये शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा अटल सेतू खुला झाला आणि त्याच्या पलीकडे उरण, पनवेल, पेणच्या परिसरात 'तिसरी मुंबई' वसवण्याच्या योजनेने जोर धरला. वाशीच्या जुन्या इमारतींत मात्र हा टप्पा कधीच गाठला गेला आहे: पोटमाळ्यावर जागा उरली नाही तेव्हा तेथील घरांनी खिडकीबाहेर पेटीसारखी पुढे आलेली लोखंडी जाळी बसवून घेतली, आणि त्या जाळीत सध्या तुळस, मोडकी सायकल, गणपतीचे घडीचे मखर आणि पोटमाळ्यावर चढण्याची शिडी ठेवलेली आहे.