मशीनची ओपीडी

अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे केज, धारूर, परळीपासूनच्या माणसांना रोग्याची हकीकत सांगायचा दांडगा सराव झालाय. ती सांगणं म्हणजे नुसतं ‘पोट दुखतंय’ नव्हे. दुखणं कधी सुरू झालं, आदल्या रात्री काय खाल्लं, कोणत्या पाहुण्याच्या लग्नात खाल्लं, सगळं ओघानं येतं. तीच तऱ्हा आमच्या मेस्त्रींच्या दुकानात. तिथं शेतीची यंत्रं येतात आणि वळवाचा पाऊस होऊन गेला की झाडं कापायची पेट्रोलची कटरं येतात.

तक्रार बहुधा एकच. “नुसती चालवली की वाघावानी वरडती, लाकडात घातली की दम सोडायली.”

मेस्त्री लगेच पाना हातात घेत नाहीत. आधी विचारतात, “घातल्या घातल्या सोडती, का धा मिंटानं?”

दोन्हींत फार फरक आहे. दहा मिनिटं बरी चालून मग धापा टाकत असेल, तर संशय टाकीच्या झाकणावर. पेट्रोल जसं कमी होईल तशी टाकीत बाहेरची हवा यायला हवी. त्यासाठी असलेलं बारीक छिद्र मातीनं बुजलं की आत पोकळी होते आणि कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही. मेस्त्री झाकण जरा सैल करतात, ‘फुस्स’ होतं, आणि मशीन ताळ्यावर येते. घातल्या घातल्याच दम सोडत असेल, तर आधी एअर फिल्टर. तो भुशानं असा माखलेला असतो, की आतून इंजिन बिचारं उशी तोंडावर दाबल्यासारखा श्वास घेत असतं. मग सायलेन्सरच्या जाळीवरचा कार्बन. हा कार्बन पुष्कळदा मालकाच्या मायेचा. या टू-स्ट्रोक इंजिनला ऑईल पेट्रोलमध्येच मिसळून द्यायचं असतं. एकास पन्नास सांगितलं असेल, तर लिटरला 20 मिलि. पण जीव लावणारा माणूस मापानं ओततोय थोडाच! “असू द्या वाईच जास्त, मशीनला बरं.”

शेजाऱ्यांच्या बांधावरची बाभूळ वादळात आडवी झाली, तेव्हा त्यांच्या कटरचं हेच झालं. जमलेल्यांपैकी कुणी प्लग म्हणालं, कुणी पिस्टन, कुणी “चायनाचा माल” म्हणून मोकळं झालं. मेस्त्री आले आणि बाभळीखाली उकिडवे बसले. मशीनकडं बघितलंही नाही. खाली पडलेला भुसा चिमटीत धरून चोळला. तो पिठीसारखा बारीक होता. “धार गेली. साखळीला धार असली की चांगले छिलके पडतेत.” बोथट दात लाकूड कापत नाहीत, घासतात. मग माणूस वरून जोर देतो आणि सगळा भार इंजिनवर येतो. बाभळीसारखं टणक लाकूड ही लबाडी चालू देत नाही. साखळी एकदा मातीला लागली तरी धार जायला पुरते, आणि बांधावर पडलेलं झाड मातीतच असतं.

या दातांची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात 1946 साली जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या लाकूड पोखरणारी एक अळी बघत बसला. ती जबडा डावी-उजवीकडं चालवत टणक लाकूड सहज खात होती. त्यानं साखळीचे दात तसेच, एक डावा एक उजवा, बनवले. आजच्या कटरची साखळी त्याच घराण्यातली. त्याच्याही आधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, एटकेन आणि जेफ्री या स्कॉटिश डॉक्टरांनी हाड कापायला दातेरी साखळीची हातकरवत वापरली होती. अडलेल्या बाळंतपणातही ती वापरत. म्हणजे कटर मुळात दवाखान्यातलंच! हे मी मेस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, “मग कालेजातच न्यायला सांगा की.”

मग गोल कानस घेऊन ते दात घासायला बसले. प्रत्येक दाताला मोजून सारखेच हात. एका बाजूला कमी पडले तर काप वाकडा जातो. अर्ध्या तासात काम संपलं आणि मालकाचा चेहरा पडला. रोग्याच्या नातेवाइकांना सलाईन लावल्याशिवाय जसं बरं वाटत नाही, तसं आमच्याकडं पार्ट बदलल्याशिवाय मशीन दुरुस्त झाली असं कुणी मानत नाही. नुसत्या कानशीचे पैसे द्यायचे?

मेस्त्रींना हे पाठ आहे. त्यांनी खिशातून नवा प्लग काढून बसवला. जुना फडक्यानं पुसून परत दिला, “ऱ्हाऊ द्या, कामाला येतोय.” बाभळीचे मोठाले छिलके उडायला लागले.

“बघा,” मालक चारचौघांत म्हणाले, “प्लगच होता!”