तुकडेबंदी

आमच्या घरी कम्प्युटर आला तो हिरव्या मिरचीच्या पैशानं. पिंपळगाव रेणुकाईत नांगरापासून नवरदेवाच्या बुटापर्यंत सगळं मिरचीच्या पट्टीवर येतं, तर विंडोज 98चा एक जुना डबा काय मोठा!

वर्षभरात डबा बसला. तो सुरू करून चहा ठेवावा, प्यावा, कपबशा विसळाव्यात, तरी पडद्यावरचं वाळूचं घड्याळ जाईना. आतून करकर आवाज. आई म्हणाली, "उंदीर शिरलाय." भोकरदनहून आलेला मेकॅनिक म्हणाला, "फ्रॅगमेंटेशन झालंय." आईच्या निदानावर निदान पिंजरा तरी लावता आला असता.

मग मीच पुस्तक वाचलं आणि आबांना समजवायला बसलो. हार्ड डिस्क म्हणजे फिरती तबकडी, मिनिटाला 5400 नाहीतर 7200 फेरे. तिच्यावर एक डोकं मागंपुढं सरकत वाचतं. जागेचे बारके वाफे पाडलेले, बरेचदा 4 केबीचे. फाइल पुसली की तिचे वाफे रिकामे. नवी मोठी फाइल आली की कम्प्युटर तिला दिसेल त्या रिकाम्या वाफ्यात कोंबतो, चार इथं, दहा तिथं. माल शाबूत, पण विखुरलेला. एका तुकड्याकडून दुसऱ्याकडं जायला डोक्याला साधारण 10 मिलिसेकंद लागतात. पाचशे तुकडे म्हणजे पाच सेकंद नुसत्या येरझाऱ्या!

"म्हंजी आपलंच वावर की!" आबा म्हणाले.

आबांचे चार एकर तीन ठिकाणी. फवारणीचा पंप नाल्याकडच्या तुकड्यात, पाणी विहिरीपाशी आणि औषधाची बाटली घरी कोनाड्यात. काम दोन तासांचं, चालणं दिवसभराचं. मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा 1947 सालीच झाला: जमिनीचे तुकडे पाडू नका, पडलेले एकत्र करा. आमचं गाव तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून तो कायदा हद्दीपाशीच थांबला. मायक्रोसॉफ्टनं आपली तुकडेबंदी 1993 साली आणली. डॉस 6 मध्ये फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र करणारा डीफ्रॅग दिला.

रात्री डीफ्रॅग लावला. पडद्यावर रंगीत चौकोन सरकू लागले. आबा शेताच्या मोजणीला बसावं तसे बसले, कोणाचा चौकोन कोणाच्या हद्दीत घुसतो यावर डोळा ठेवून. तलाठी नाही, मोजणीदार नाही, भावकी नाही, तरी एकत्रीकरण चाललेलं! एकाही चौकोनानं कोर्टात जायची भाषा केली नाही. 12 टक्क्यांवर स्क्रीनसेव्हरनं मध्येच डिस्कवर काहीतरी खरडलं आणि डीफ्रॅग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

"हरकत आली वाटतं," आबा म्हणाले.

80 टक्क्यांवर लाइट गेली.

आता माझ्याकडं एसएसडी आहे. तिच्यात तबकडी नाही आणि सरकणारं डोकंही नाही. तुकडा कुठंही असो, पोचायला वेळ जवळपास सारखाच. म्हणून तिच्यावर तो जुना डीफ्रॅग चालवू नये. फायदा नगण्य, आणि उगाच पुन्हापुन्हा लिहिण्यानं ती झिजते ते वेगळंच. जुनी तबकडी असेल तर मात्र जरूर चालवावा, लाइटीचा भरवसा बघून.

हे ऐकून आबा जरा वेळ गप्प बसले.

"म्हंजी तुकडे तेच, फकस्त चालणं गेलं?"

"हो."

"मंग वावराला तेच बसव."

वावराची एसएसडी अजून निघालेली नाही. दुसऱ्या दिवशी आबा भल्या पहाटे नाल्याकडं फवारणीला गेले. औषधाची बाटली कोनाड्यातच होती.