देव कधी चुकत नाही

बँकेत पासबुक भरून घ्यायच्या रांगेत उभं राहिलं की समोर बऱ्याचदा गांधीजी दिसतात. तसबिरीखाली त्यांचं म्हणून ग्राहकाविषयीचं वचन असतं: तो आपल्यावर अवलंबून नाही, आपणच त्याच्यावर, वगैरे. काही ठिकाणी 'दक्षिण आफ्रिका, १८९०' असा पत्ताही दिलेला असतो. १८९० साली गांधीजी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेला ते गेले १८९३ मध्ये. पण ग्राहकाचा मान राखायचा म्हटल्यावर तीन वर्षं इकडेतिकडे चालायचीच. तसबीर कारकुनाच्या पाठीमागे असते, त्यामुळे ती त्याने वाचलेली नसते. तो 'सर्व्हर डाऊन आहे' एवढंच सांगतो.

'गिऱ्हाईक कधी चुकत नाही' या वचनाचा जनक कोण, यावरही वाद आहेच. कुणी शिकागोच्या मार्शल फील्डचं नाव घेतं, कुणी त्याच्याच दुकानात तयार झालेल्या हॅरी गॉर्डन सेल्फ्रिजचं. हॉटेलवाला सेझार रिट्झही फ्रेंचमध्ये तसंच म्हणायचा म्हणे. सेल्फ्रिजने १५ मार्च १९०९ रोजी लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दुकान उघडलं, तेव्हा 'नुसतं बघतोय' म्हणणाऱ्याला वाट दाखवणारी दुकानं तिथे होती. याने माल उघड्यावर मांडला. बघा, हात लावा, न घेता गेलात तरी चालेल! त्या काळी ही चैनच होती.

घोटाळा एवढाच झाला, की हे वाक्य काउंटरच्या आत, नोकरांना बजावायचं होतं. ते गिऱ्हाइकाने ऐकलं. यजमानाने वाढप्यांना 'पाहुण्यांना काही कमी पडू देऊ नका' म्हणावं आणि ते कानावर पडताच पंगतीतल्या पाहुण्याने जिलबीची परातच मांडीवर ओढावी, तसं झालं.

माझ्या मामांचं साड्यांचं दुकान आहे. तिथे एका भिंतीवर तीन पाट्या: 'ग्राहक हाच आमचा देव', 'आज रोख, उद्या उधार' आणि 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. मामांना यात विसंगती दिसत नाही. "देवाला वाहिलेलं कुणी परत घेतं का?" असं ते विचारतात.

ऐन लग्नसराईत एक काकू सेमी पैठणीचा बॉक्स घेऊन आल्या, सोबत भाचा. "सासूबाईंना रंग पसंत नाही. घडीसुद्धा मोडलेली नाही हो!" दुकानातल्या जुन्या अण्णांनी निमूटपणे साडी उलगडली. पदरावर खांद्याच्या जागी पिनेची दोन भोकं. निऱ्यांच्या भागाला गुलाबपाण्याचा वास. तिथूनच कुंकवात घोळलेल्या चार अक्षता गादीवर पडल्या. अण्णांनी त्या एकेक चिमटीने उचलून काकूंसमोर ओळीत मांडल्या.

काकू अक्षतांकडे बघून म्हणाल्या, "तुमच्याकडे नीट झाडत नाहीत वाटतं."

मामा काही बोलणार, तेवढ्यात भाच्याने मोबाइल काढला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा! बिलात मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत माल परत घ्यावाच लागतो, तुमची पाटीच बेकायदा. आता, कायदा सदोष मालाबद्दल बोलतो, आणि दोष दुकानाबाहेर, मांडवात तयार झाला होता. पण 'सदोष' हा शब्द भाच्याने वाचता वाचता गिळला. वकिलीचा क्लास लावला असावा. पाटीबद्दल मात्र त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. काठ उसवलेली साडी आली तर ती पाटी दाखवून मामांना सुटता आलं नसतं, आणि हे मामांनाही ठाऊक होतं. गेल्या दिवाळीत त्यांनी तसा प्रयत्न करून पाहिला होता.

मामा तरीही लढले असते. पण पलीकडच्या गादीवर बस्ता बांधायला आलेली मंडळी चहाचे कप हातात धरून हा खटला ऐकत होती. नवरीची आत्या तर चष्मा लावून बसली होती. एक साडी वाचवायला चाळीस साड्यांचं गिऱ्हाईक घालवणं कुठल्याच शास्त्रात बसत नाही.

"अण्णा, काकूंना हिरव्यातली दाखवा," मामा म्हणाले. आवाजात एवढा गोडवा मी मामींशी बोलतानाही ऐकलेला नाही.

पाऊण तासाने काकूंना हिरवी पसंत पडली. फरकाचे दोनशे रुपये मामांनी सोडले. काकू दारापर्यंत गेल्या, चपलेत पाय घातला, आणि वळल्या.

"अहो, त्या जुन्या साडीचा फॉल तेवढा उसवून द्या. तो मी बाहेरून लावून घेतला होता, त्याचे पैसे वेगळे पडलेत."