नेअरीजवाले काका

हा माणूस डॉक्टर नसतो, पण त्याचं निम्मं आयुष्य डॉक्टरांच्या दाराबाहेर गेलेलं असतं. आमच्या सोसायटीतले काका निवृत्त होईपर्यंत एमआर होते. बॅगेत नाकात घालायचे थेंब आणि समोरच्या भिंतीवर नाकाचा उभा छेद दाखवणारा तक्ता. आत बोलावणं येईपर्यंत तो वाचत बसायचं. डॉक्टरांनी फार ताटकळत ठेवलं, त्याची फळं आता आम्ही भोगतोय.

“काका, सर्दीनं एक नाकपुडी बंद झालीय,” असं त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही. “नाकपुडी नव्हे, नेअरिस. एक असेल तर नेअरिस, दोन असतील तर नेअरीज. लॅटिन आहे.” बरं, एक नेअरिस बंद आहे म्हणावं, तर वाकून बघतात. “उघडी आहे की! मला दिसतेय. सुजलंय ते आतलं टर्बिनेट. आणि ते तर निरोगी माणसाचंही आलटूनपालटून फुगतं, काही तासांनी बाजू बदलतं. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरानं 1895 मध्येच लिहून ठेवलंय.” नाव अचूक लागलं की काकांच्या लेखी सर्दी बरी झाली. रुमाल आपला आपण शोधायचा.

एका लग्नात वरपक्षाकडच्या मावशी कौतुकानं म्हणाल्या, “डाव्या नाकपुडीत नथ काय शोभतेय हो!” काका अक्षता हातात धरून वळले. “नथ नेअरिसमध्ये नसते, मावशी. नेअरिस म्हणजे नुसतं भोक. नथ आहे ती एलामध्ये.” मावशींचं माहेर वैद्यांचं. एला म्हणजे वेलदोडा, हे त्यांना लहानपणापासून पाठ. वेलदोड्यात नथ कशी बसवली हे बघायला त्या बिचाऱ्या नवरीच्या तोंडाजवळ गेल्या.

खरं सांगायचं तर काका चुकत नाहीत, हीच पंचाईत आहे. रागानं फुगते ती नाकपुडी आणि पोराचं बोट जातं तीही नाकपुडी, एवढ्यावर मराठी माणसाचं भागतं. शरीरशास्त्राचं भागत नाही. त्याला भोक वेगळं लागतं आणि भोकाबाहेरचा मांसल पडदा, म्हणजे एला, वेगळा. शिवाय समोरची दोन भोकं ही पुढची नेअरीज. नाकाची पोकळी मागे घशाकडे जिथं उघडते ती दोन मागची. काकांनी हे जेवताना सांगितलं तेव्हा काकू आमटी वाढत म्हणाल्या, “अहो, चार-चार आहेत ना? मग रात्री तोंड उघडं टाकून घोरता कशाला?” काकांनी मुकाट्यानं भात कालवला.

एकदा मात्र त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. मे महिन्यात खालच्या मजल्यावरच्या पोराचा घोळणा फुटला. कुणी म्हणे मान वर कर, कुणी टाळूवर पाणी थापायला धावलं, आजी कांदा फोडून हुंगायला घेऊन आल्या. काका ओरडले, “मान वर नको, रक्त घशात जाईल!” त्यांनी पोराला पुढं वाकवून बसवलं आणि नाकाचा मऊ भाग दोन बोटांत घट्ट धरला. दहा मिनिटं सोडला नाही. त्या दहा मिनिटांत नाकाच्या मधल्या पडद्यावर पुढच्या बाजूला बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं कसं असतं, त्या जागेला लिटल्स एरिया का म्हणतात, हे सगळं पोराला ऐकावं लागलं. नाकच काकांच्या मुठीत, जाणार कुठं? रक्त थांबलं. तेव्हापासून घोळणा फुटला की सोसायटी आधी काकांनाच हाक मारते.

तुमच्याकडेही असे कुणी असतील. नाकातून रक्त आलं तर खुशाल त्यांच्याकडे जा. पण व्हेलचा विषय काढू नका. फवारा उडतो ते डोक्यावरचं भोक म्हणजे तिचं नाकच. दातवाल्या व्हेलला बाहेरून एक, बिनदातांच्या व्हेलला दोन. कुठं नेअरिस म्हणायचं आणि कुठं नेअरीज, हे तुमच्या तोंडून दोनदा वदवून घेतल्याशिवाय ते तुम्हाला जिना चढू देणार नाहीत.